४५ चा टायर आणि पावसाळ्यातला चिखल

गोरेगावहून आरेतून पवईला सायकलने जाताना काँक्रीट, उखडलेले पेव्हर ब्लॉक, खोदकामानंतर नुसतीच माती लोटलेला पट्टा आणि पायवाट, सगळंच लागतं. २८ मिमीच्या टायरवर माझी मनगटं बधिर व्हायची. म्हणून गेल्या दिवाळीत ७०० बाय ४५ चे, म्हणजे ४५ मिमी रुंदीचे, ट्यूबलेस टायर बसवले.

टायर घेण्याआधी फ्रेममधली जागा मोजा, हे अगदी कळकळीने सांगते. टायरवर ४५ छापलेलं होतं, पण माझ्या रुंद रिमवर तो ४७ भरला. मागे दोन्ही बाजूंना जेमतेम ४ मिमी उरले आणि जूनमध्ये आरेतला चिखल तिथे असा गच्च बसला की चाक फिरेना. आता पावसाळाभर मागे ४० लावते.

माझं वजन ६२ किलो. पुढच्या टायरमध्ये २८, मागच्यात ३२ पीएसआय हवा ठेवते. एवढ्या कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून फाटली असती. इथे ट्यूबच नाही. त्याहून कमी केली तर मात्र वळणावर टायर लोळतो.

सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवायला टायरमध्ये ओतलेला द्रव, उन्हाळ्यात लवकर सुकतं. एप्रिलमध्ये मी तपासायचं टाळलं आणि पवईच्या चढावर बारीकशा काचेने पडलेलं भोक बुजलंच नाही. घरी टायर उघडला तर आत रबराची साय धरलेली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर (हवा अडवणारा आतला बारीक भाग) काढून आत काडी घालून बघते. काडी कोरडी आली की ६० मिली ओतायचं.