काटा वर चढेना

इंजिन तापलं की सगळे घाबरतात, थंड राहिलं तर कुणी लक्षही देत नाही. माझ्या डिझेल व्हॅनचा तापमानाचा काटा गर्दीत कसाबसा वर यायचा आणि मोकळा रस्ता लागला की खाली घसरायचा, उतारावर तर पार तळाशी. हीटरची हवा कोमट, डिझेलही जास्त लागू लागलेलं. "गार चालतंय तर चांगलंच की," असं बरेच जण म्हणाले. मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक इंजिनं ८५ ते ९५ अंशांच्या आसपास चालावीत अशीच बनवलेली असतात. त्याखाली सतत चाललं की इंधन जास्त जातं, ऑइलमध्ये उतरलेला ओलावा उडून जात नाही, झीज वाढते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याचं रीजनरेशनही, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणं, अडतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बदलून टाक, असा सल्ला लगेच मिळाला. पण आधी मला हे ठरवायचं होतं की इंजिन खरंच थंड आहे, की सेन्सर चुकीचं सांगतोय. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरमध्ये पी०१२८ हा बिघाडाचा कोड होता. कूलंट अपेक्षित तापमानाला पोचत नाही, एवढंच तो सांगतो. दोष कुठल्या पार्टचा, ते नाही. शिवाय स्कॅनरही त्याच सेन्सरचा आकडा दाखवतो. म्हणून रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी फक्त इग्निशन ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान ताडून पाहिलं. दोन्ही जवळपास सारखे आले. मग गाडी चालवून आणल्यावर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. तो आणि स्कॅनर, दोघेही सत्तरच्या खालीच. सेन्सर बरोबर होता. रेडिएटरचा फॅनही विनाकारण फिरत नव्हता.

आता उरली हाताने करायची परीक्षा, आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीची. थंड इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरची वरची होज (रबरी नळी) चाचपत राहिलो, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट नीट असेल तर ती बराच वेळ गारच राहते आणि तो उघडला की एकदम तापते. माझी होज सुरुवातीपासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेली. म्हणजे कूलंट पहिल्यापासूनच रेडिएटरमधून फिरत होतं. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तिथे ती चाचपावी.)

इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंट काढून हाउसिंग उघडलं. थर्मोस्टॅट हातात गार होता, तरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आणि कडेला गंजाचा थर. नवा बसवण्याआधी पाण्याच्या भांड्यात टांगून, थर्मामीटर ठेवून पाणी तापवलं. नवा पार्टही खराब निघू शकतो, म्हणून हे मी टाळत नाही. त्यावर ८२ कोरलेलं होतं आणि तो त्याच्या आसपासच उघडायला लागला. बसवताना बारीक हलती पिन वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. नवीन गॅस्केट, त्याच प्रकारचं कूलंट, हीटर पूर्ण चालू ठेवून एअर काढली.

आता आकडा ऐंशीच्या पुढे जातो, थर्मोस्टॅट उघडताना जरासा खाली येतो आणि नव्वदीच्या अलीकडे थांबतो. उतारावरही तिथेच.