रुमालानं विष अडत नाही

आज शिवारात सगळीकडं कपाशीवर फवारे चालू होते. ऊन कडक, पीक छातीला आलेलं, अंगात बनियन, तोंडाला रुमाल. हा रुमाल म्हणजे निव्वळ समाधान! ओला झाला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो.

खरं विष कातडीतून जातं. उंच कपाशीतून चालताना मांड्या अन् जांघा भिजतात. जांघेतली कातडी हातापेक्षा कितीतरी पटीनं जास्त औषध शोषते. घामानं अजून. पाठीवरचा पंप झाकणातून गळत असेल तर कंबरेपर्यंत सगळं ओलं. कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळला तरी बराच फरक पडतो. वारा येतो त्या बाजूला पाठ ठेवून, सकाळी लवकर फवारावं. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नये, जुना टूथब्रश ठेवावा. अन् त्याच हातानं तंबाखू मळणं… काय बोलावं.

डब्यावरच्या चौकोनी खुणेतला खालचा त्रिकोण लाल किंवा पिवळा, म्हणजे जास्त विषारी, असेल तर जपून. प्रोफेनोफॉससारखी औषधं शरीरातलं कोलिनएस्टरेज (नसांचं काम ताळ्यावर ठेवणारं द्रव्य) बंद पाडतात. ते भरून यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीला थोड्याशा औषधानंही माणूस पडतो. लोक म्हणतात ऊन लागलं. पण डोळ्याची बाहुली बारीक, तोंडाला लाळ, स्नायू फडफडणं हे उन्हाचं नसतं. कपडे काढा, साबणानं धुवा, उलटी करवू नका, १०८ लावा. डबा सोबत न्या. ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, द्यायचं का, हे डॉक्टर त्यावरून लवकर ठरवतात.