रायगडाच्या राणीवशातली मोरी

माझी सगळी नोकरी नगरपालिकेत ड्रेनेजची कामं बघण्यात गेली. त्यामुळे कुठल्याही जुन्या वास्तूत शिरले की नजर आधी जमिनीकडे वळते. पाणी येतं कुठून, जातं कुठे?

यंदा परतीच्या पावसात भाचीला घेऊन रायगडावर गेले. रोपवेने वर आलं की मेणा दरवाजातून लगेच राणीवसा लागतो. महालांची आता नुसती जोती उरलीत. वरचं लाकडी काम मे 1818 मध्ये गेलं. इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि वाडे पेटले. गाईड मंडळी हे सांगतात नि लगबगीने सिंहासनाच्या जागेकडे नेतात. मला मात्र तिथून हलवत नव्हतं.

नुकतीच सर येऊन गेली होती. बाहेरच्या वाटेवर पाणी तुंबलेलं. भाची एका महालाच्या कोपऱ्यात उकिडवी बसून म्हणाली, "मावशी, इथे डबकं कसं नाही गं?"

तो शौचकूप होता. महालांना लागूनच बांधलेला. दगडाला बेताचा उतार, पुढे घडीव पन्हळ आणि त्यातून सुतासारखी धार बाहेर चाललेली. मी बोट फिरवून पाहिलं, सांध्यात कुठे खाच लागली नाही. आजही साइटवर असा उतार काढून घेताना गवंड्याच्या मागे उभं राहावं लागतं!

आणि हे नुसत्या सोयीसाठी नव्हतं. एवढ्या उंचीवर नदी नाही, ओढा नाही. पावसाळ्यात तलाव-टाक्यांत साठेल तेवढ्यावरच गडाने उन्हाळा काढायचा. अशा ठिकाणी सांडपाणी साठ्यात मिसळलं तर दारूगोळा असून काय उपयोग? माझ्या मते गडाची खरी तटबंदी इथून सुरू होते.

दुपारी जगदीश्वराला गेलो. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या नावाची पायरी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यावर कोरलेलं 'सेवेचे ठायी तत्पर' वाचून माझा गळा दर वेळी दाटतो. पण देवळाचा संस्कृत शिलालेखही जरूर वाचा. गडावर काय काय बांधलं याची त्यात यादी आहे. सुरुवातच 'वापीकूपतडाग' अशी, म्हणजे विहिरी आणि तळी. मग बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा. राजवाडे त्यानंतर येतात.