नेरळ-माथेरान: लांब पल्ल्याच्या ड्युॲथलॉनची रंगीत तालीम

मुंबईत राहून डोंगराळ ड्युॲथलॉनची (आधी धाव, मग सायकल, मग पुन्हा धाव) तयारी करताना चढाची सोय कशीबशी होते. येऊरचा रस्ता आहे, राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आहे (सोमवारी उद्यान बंद, हे विसरून बोरिवलीला उतरणारे दर महिन्याला कुणी ना कुणी असतातच). पण चार-पाच तास सायकल चालवून झाल्यावर दगडमातीच्या वाटेवर पळायचं, याची सवय मरीन ड्राइव्हवर लागत नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढाचा केवढा बाऊ होतो, त्यावरून काय ते समजा.

या प्रकारातली नावाजलेली शर्यत स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगनची. १९८९ साली ती सुरू झाली. १० किलोमीटर धाव, १५० किलोमीटर सायकल, मग ३० किलोमीटर धाव, आणि ही दुसरी धाव बरीचशी जंगलातल्या कच्च्या वाटांवरची, चढउताराची. सायकलच्या ५० किलोमीटरच्या तीन फेऱ्या असतात. तसा आराखडा मुंबईच्या आसपास एका दिवसात कुठे बसतो, हे शोधताना नेरळ सापडतं. खाली पन्नासेक किलोमीटरची गावरस्त्यांची फेरी, तिच्या टोकाला दस्तुरीचा घाट (माथेरानला गाड्या दस्तुरीपर्यंतच जातात) आणि घाटाच्या माथ्यावर माथेरानच्या लाल मातीच्या वाटा. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी केलेल्या या फेरीचा हा वृत्तांत, पुढे जाणाऱ्यांच्या सोयीसाठी.

मोजमाप असं: नेरळला १० किलोमीटर धाव, नेरळ-कळंब-कशेळे-कडाव-कर्जत-नेरळ या फेरीला दोन वेळा, म्हणजे ९५ किलोमीटरच्या आसपास, त्याला जोडून नेरळ ते दस्तुरी घाट, आणि वर १५-१६ किलोमीटर पायवाट. पूर्ण शर्यतीच्या साधारण दोन तृतीयांश. तालमीला एवढं पुरतं. यापेक्षा जास्त केलं तर पुढचे दहा दिवस सरावातून जातात. मुख्य शर्यतीच्या साधारण पाच आठवडे आधी हा दिवस ठेवावा.

ठाण्याहून पहाटे चारला गाडी निघाली की बदलापूरमार्गे साडेपाचच्या आत नेरळ. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिली धाव सगळी अंधारात होते. डोक्याला बांधायचा दिवा आणि पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा, दोन्ही हवेत. पावणेसहाला सुरुवात.

पहिल्या धावेबद्दल एकच सांगणं: ती इतकी सोपी वाटली पाहिजे की लाज वाटावी. हवा थंड, पाय ताजे, आणि मुंबईचा धावपटू हाफ मॅरेथॉनच्या वेगात शिरायला टपलेला असतो. त्या वेगापेक्षा किलोमीटरला ३० ते ४० सेकंद सावकाश पळा. इथे वाचवलेली पाच मिनिटं दुपारी वीस मिनिटांना पडतात, कारण जोरात पळताना स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, भराभर जळतं आणि सायकलवर खाऊन ती तूट भरून निघत नाही. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागत नसेल तर वेग बरोबर.

सात वाजता सायकलवर. रस्ता सपाट नाही आणि घाटही नाही, छोटे छोटे उंचवटे सतत येत राहतात. इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. प्रत्येक उंचवट्यावर उभं राहून जोर लावला की तीसेक वेळा तीसेक सेकंदांचे झटके बसतात. सरासरी आकडा छान दिसतो, पाय मात्र संपलेले असतात. पॉवर मीटर (पायांचा जोर वॉटमध्ये दाखवणारं यंत्र) असेल तर तासभर टिकणाऱ्या पॉवरच्या ६५ ते ७० टक्क्यांवर राहा आणि उंचवट्यावरही ८५ च्या पुढे जाऊ नका. मीटर नसेल तर बसूनच चढा, नाकाने श्वास जमेनासा झाला की एक गिअर हलका करा.

रस्त्याची अवस्था: गावात शिरताना आणि बाहेर पडताना रंग न दिलेले गतिरोधक, मोऱ्यांच्या दोन्ही तोंडांशी खड्डे, शाळेजवळ कुत्री. हँडलच्या टोकाला पकडून पुढे झुकायची हौस गावाबाहेरच भागवा. टायर २८ मिलिमीटरचे असावेत; ७० किलोच्या माणसाला ७० ते ७५ पीएसआय हवा पुरते. १०० भरली तर खडबडीत डांबरावर वेग वाढत नाही, मनगटं आणि कंबर तेवढी ठणकतात. सोबत दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, हातपंप आणि चेनची जोडकडी. कशेळ्याच्या आसपास सायकलची दुकानं आहेत, पण रोड बाइकची लांब व्हॉल्व्हची ट्यूब तिथे मिळेल या भरवशावर निघू नये. दहानंतर फार्महाउसकडे निघालेल्या गाड्यांची रांग सुरू होते, त्यामुळे दुसरी फेरी पहिलीपेक्षा दहाएक मिनिटं सावकाश जाणार हे धरूनच चाला.

खाण्याचा हिशोब घड्याळावर ठेवा, भुकेवर ठेवू नका. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. नुसत्या ग्लुकोजची पचण्याची मर्यादा साधारण तेवढीच आहे; फ्रुक्टोज सोबत असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण पोटाला त्याची सवय आधी महिना-दीड महिना लावावी लागते. घरची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं, म्हणून महागडी पावडर नसली तरी अडत नाही: ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम म्हणजे पाव चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस. यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येतं. एवढी एक बाटली तासाला, आणि गोडाचा उबग येऊ नये म्हणून अधूनमधून उकडलेला बटाटा मीठ लावून. चिक्की सायकलवर नको. दाढांत अडकते, आणि धाप लागलेली असताना ठसका लागतो. पाणी किती प्यायचं हे आधी मोजून ठेवा: तासभर पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा, एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम. मुंबईच्या दमट हवेतला आकडा नेरळच्या जानेवारीतल्या कोरड्या सकाळी लावू नका, जास्त पाणी होईल. वजन वाढेपर्यंत पाणी पिणं तर सरळ धोक्याचं, रक्तातलं सोडियम खाली जातं.

अकराच्या आसपास नेरळला परत. बाटल्या भरून लगेच घाट.

सात-आठ किलोमीटरात जवळपास सातशे मीटर चढ. सायकल-सामानासह ८२ किलो वजन असलेल्याला २०० वॉटवर पन्नासेक मिनिटं, १५० वॉटवर तास उलटून जातो. १५० वॉटवर वेग ताशी सातच्या खालीच राहतो. या वेगाला पुढच्या चक्रीला ३४ आणि मागच्या चक्रीला ३२ दात असतील तर पायडल मिनिटाला पन्नास-एक्कावन्न वेळा फिरतं. पुढे ३९ आणि मागे २५ असेल तर जेमतेम ३४ वेळा. ३४ म्हणजे जिममध्ये लेग प्रेस मारत घाट चढणं, आणि त्याची वसुली वरच्या वाटेवर गुडघ्यांकडून होते. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बसवून घ्या. मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दात घेतो का आणि चेन लांबीला पुरते का, हे दुकानातच मोठ्या-मोठ्या दातांवर टाकून बघा. नाहीतर घाटात नेमक्या त्या गिअरला चेन ताणून डिरेलरचा हँगर वाकतो.

वळणांवर आतली बाजू सर्वांत उभी असते. मागून गाडी नसेल तर बाहेरच्या बाजूने वळा. नेरळ-दस्तुरी टॅक्सीवाल्यांना प्रत्येक वळण पाठ असतं. ते हॉर्न देतात तेव्हा डावीकडे सरळ रेषेत राहायचं, नागमोडी जायचं नाही. रविवारी दुपारपर्यंत दस्तुरीचा वाहनतळ भरून रांग घाटात उतरते, म्हणून बूट घेऊन येणारी गाडी आठच्या आत वर पोचलेली हवी. गाडी नसेल तर ट्रेलचे बूट पाठीवर घ्या. सहाशे ग्रॅमने घाटात फरक पडतो तो अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर.

दस्तुरीला खरा उपद्रव माकडांचा. ट्रान्झिशनची (सायकल सोडून धावेला लागतानाची) पिशवी उघडी टाकून बूट बांधायला वाकलात की केळी गेलीच. चकचकीत वेष्टनाची जेलही ती सोडत नाहीत. खाणं झाकणाच्या डब्यात आणि डबा गाडीत. पुढे मोटारींना बंदी असल्याने सायकल इथेच कुलूप लावून ठेवायची. प्रवेशकराला सुटे पैसे जवळ असू द्या, वर मोबाइलची रेंज ये-जा करते.

बूट बदलण्याला दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील, मोजे मात्र बदलाच. घामाने भिजलेल्या मोज्यात माथेरानची बारीक लाल माती शिरली की तिचा लेप होतो, आणि पाचव्या किलोमीटरला करंगळीशेजारी फोड येतो. कोरडे मोजे, बोटांच्या मध्ये व्हॅसलिन. इलास्टिकच्या नाड्या सपाट शर्यतीला ठीक. इथे उतारावर पाय बुटात पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं. साधी नाडी, घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून ओवून घट्ट बांधलेली. कोरड्या दिवसांत तळाचे दात तीन-चार मिलिमीटरचे पुरतात. पावसाळ्यात पाच-सहाचे घ्या, तरीही शेवाळलेल्या जांभ्यावर कुठलाच बूट धरत नाही, तिथे चालायचं.

वाट अशी: दस्तुरीहून बाजारपेठ, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अलेक्झांडर, रामबाग, चौक पॉइंट, वन ट्री हिल, लॉर्ड्स, शार्लट तलाव, एको, लुइझा आणि परत. पॅनोरमा जोडला की वीसच्या घरात जातं. झाडीमुळे जीपीएस घड्याळ अंतर कमी दाखवतं, त्यावर वेग ठरवू नका. दस्तुरी ते बाजार ई-रिक्षा, घोडे आणि सुटकेसवाले पर्यटक असतात. तिथे वेगाचा विचार सोडा. घोड्याच्या मागून गुपचूप जाऊ नये, लाथ बसते. ‘मामा, उजवीकडून येतोय’ एवढं दहा पावलं आधी म्हटलं की घोडेवाले जनावर बाजूला घेतात.

पहिली पंधरा-वीस मिनिटं पाय दुसऱ्याचेच वाटतात. हे ठरलेलंच आहे. पावलं आखूड, मिनिटाला १७० च्या पुढे, नजर चार-पाच मीटर समोर. अलेक्झांडरच्या पुढे सावली दाट होते आणि पाय परत येतात. मातीवर सुटे गोल खडे पसरलेले असतात. त्यावरून उतरताना मागे रेललं की टाच सटकते आणि माणूस बसतो. वजन पायाच्या बरोबर वर ठेवून पटापट पावलं टाकायची. उघड्यावरच्या मुळांवर पाय देऊ नका, ओलांडा. वन ट्री हिलहून दरीत उतरणाऱ्या शिवाजी लॅडरच्या वाटेला दमलेल्या पायांनी जायचं नाही. पाणी-सरबताचे ठेले बऱ्याच पॉइंटांवर आहेत, कोकम सरबत मीठ घालून मागा. पश्चिमेकडच्या पट्ट्यात ते विरळ, तेव्हा अर्धा लिटरची मऊ बाटली बाजारातूनच भरून घ्या.

माथेरानच्या या फेरीत एक उणीव आहे: सलग लांब उतार नाही. तो मुंबईतच भरून काढायचा, आणि त्यासाठी इमारतीचा जिना उत्तम. वीस मजल्यांची इमारत म्हणजे साठेक मीटर. वर लिफ्टने जा, खाली जिन्याने उतरा. हसण्यासारखं वाटतं आणि वॉचमनकाका चौकशीही करतात, पण उतरतानाच मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, आणि मोडतोड होते ती याच प्रकारच्या कामात. तीन वेळा उतरण्यापासून सुरुवात, दर दहा-बारा दिवसांनी दोन-दोन वाढवत दहापर्यंत. आठवड्याला नको: एकदा दुखून सावरलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला कमी दुखतो, त्यामुळे मधलं अंतर परवडतं. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र जिना बंद.

उतरताना सायकलनेच यायचं असेल तर आधी अर्धा तास बसा, काहीतरी खा. थकलेल्या हातांनी सलग ब्रेक दाबला जातो, आणि तेच नडतं. ८२ किलो वजन सातशे मीटर खाली आणताना साडेपाचशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. सावकाश उतरताना त्यातली बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर दाबणारा) असेल तर दोन ठिकाणी थांबून रिम निवू द्या, बोट लावून बघू नका. कार्बनची रिम आणि लॅटेक्सची ट्यूब ही जोडी या घाटात नकोच, तापून ट्यूब फुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ, मग सोडून द्यायचे. डिस्क असली तरी पद्धत हीच.

नेरळला पोचल्यावर क्लीटमधली (बुटाच्या तळाची, पायडलमध्ये अडकणारी पट्टी) लाल माती दात घासायच्या ब्रशने तिथेच काढा. वाळली की ती विटेसारखी घट्ट होते आणि पुढच्या वेळी सिग्नलला पाय पायडलमधून सुटत नाही. संध्याकाळी वजन करा आणि सकाळच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट असेल तर सायकलवरची बाटली तासाला एकाऐवजी सव्वा. मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागला, तर शर्यतीपर्यंत उरलेल्या पाच आठवड्यांपैकी पहिल्या तिनांत लिफ्टने वर जायच्या फेऱ्या दोन वेळा बसवता येतात.