सोलारिसवर अडलेला टाइप

आज दिवसभर एका जुन्या सी प्रोग्रामला चिकटून होते आणि संध्याकाळी तो सोलारिस या युनिक्स प्रणालीवर कंपाइल झाला! लिनक्सवर, फ्रीबीएसडीवर विनातक्रार चालणारा कोड इथं पहिल्याच फाइलला अडला: ‘यू_इंट३२_टी’ हा टाइप (३२ बिटी, म्हणजे ४ बाइटच्या पूर्णांकाचा प्रकार) माहीत नाही. खाली एररची रांगच रांग, पण सगळ्या त्या एकीच्याच पोटच्या. म्हणून मी आधी सगळ्यात वरची एररच वाचते.

हे नाव बीएसडीकडचं, म्हणजे फ्रीबीएसडी ज्या युनिक्स घराण्यातली, त्याचं. सी भाषेच्या १९९९ च्या स्टँडर्डनं ‘स्टडइंट.एच’ हेडर, म्हणजे कोडला जोडायची व्याख्यांची फाइल, आणलं, त्यात ‘यूइंट३२_टी’ आहे, ‘यू’नंतरच्या अंडरस्कोअरशिवाय. लिनक्सनं दोन्ही नावं सांभाळली, सोलारिसनं स्टँडर्डवालंच.

एक सहकारी म्हणाला, “वर एक टाइपडेफ टाक आणि मोकळी हो.” म्हणजे हे जुनं नाव एखाद्या माहीत असलेल्या टाइपला देणारी एक ओळ. मला हे अजिबात पटत नाही. घाईत कोणी तिथं ‘अनसाइन्ड लाँग’ लिहिलं, की ६४ बिटी युनिक्सवर तो ४ ऐवजी ८ बाइटचा होतो. मग नेटवर्कवरून आलेलं पॅकेट चुकीचं वाचलं जातं आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. त्यापेक्षा बिल्ड अडलेलं परवडलं.

मग सगळीकडे स्टँडर्ड नाव घातलं, हेडर जोडलं. साइज ४ बाइट नसेल तर कंपाइल तिथंच थांबावं, अशी एक ओळही टाकली.

अल्पाइन लिनक्सवर बिल्ड करणाऱ्यांनो, तिथल्या मसल या सी लायब्ररीत ‘स्टडलिब.एच’मागोमाग ही जुनी नावं आपोआप येत नाहीत. ‘सिस/टाइप्स.एच’ स्वतः इन्क्लूड करा. पॅच उद्या मूळ प्रकल्पाला पाठवतेय.