शिंगरोबाला नाणं टाकायचंच! लालबाग ते कार्ला, जुन्या हायवेने

एक्सप्रेसवेवर बाईकला बंदी, म्हणून जुनाच हायवे धरला आणि बरंच झालं, कारण मागे बाबा बसले होते. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, अर्धं आयुष्य याच रस्त्यावर गेलंय त्यांचं.

लालबागहून पहाटे साडेपाचला निघालो, पनवेलपर्यंत नुसता ट्रॅफिक, त्याबद्दल काय लिहायचं! खोपोलीत गरमागरम बटाटेवडा खाल्ला. बाबांनी बोट करून टाटांचं वीजघर दाखवलं, 1915 चं. वर लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी पाईपातनं खाली सोडायचं आणि त्यावर बनलेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या. आमचे आजोबा गिरणी कामगार, त्यामुळे त्या पाईपांकडे बघून मला कसंतरीच झालं.

मग बोरघाट. पाऊस, धुकं, पुढचा ट्रक दिसेना. शिंगरोबाच्या देवळाशी बाबा म्हणाले, "थांबव रे." हा शिंगरोबा धनगर, इंग्रजांना घाटातली वाट यानेच दाखवली आणि बक्षीस काय पाहिजे विचारल्यावर स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली असं लोक सांगतात. ड्रायव्हर लोक आजही नाणं टाकूनच पुढे जातात. बाबा म्हणाले, "आम्ही चालत्या गाडीतनंच टाकायचो, लोड घेऊन चढावर थांबवतंय कोण!" आज मात्र चपला काढून, भिजत, हात जोडून बराच वेळ उभे राहिले.

वर आल्यावर त्यांनी सवयीने मान वर केली. अमृतांजन पूल! 1830 चा पूल, 2020 च्या लॉकडाऊनमधे सुरुंग लावून पाडला. तिथे ट्रॅफिक अडायचं, ॲक्सिडेंट व्हायचे, पाडायलाच हवा होता हे मलाही पटतं, पण "पूल आला की घाट संपला" हे ऐकतच मी मोठा झालोय आणि आता तिथे नुसतं आभाळ दिसतं. बाबा काहीच बोलले नाहीत.

राजमाची पॉइंटला धुक्यामुळे काही दिसलं नाही. लोणावळ्यात आईसाठी चिक्की घेतली आणि कार्ला गाठलं. आधी एकवीरा आईचं दर्शन, मग शेजारचं चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनागृह, देशातलं सगळ्यात मोठं. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी आहेत, त्यांच्याकडे बघत बाबा खांबाला टेकून उभे होते.

"शेकडो वेळा खालनं गेलो रे," म्हणाले, "वर आज पहिल्यांदा आलो."