मिक्सरचा काही दोष नव्हता

सासूबाईंच्या उजव्या हाताला मुंग्या येतात हे मला दोन आठवड्यांनी कळलं. तोवर त्या वात समजून तेल चोळत होत्या. मुंग्या सकाळी सातच्या सुमारास येतात, विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवला की येतात, आणि मोटर बंद केली की जातात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वात असा घड्याळ बघून येत नाही. मला त्या कधी जाणवल्या नाहीत, कारण मी चपला घालून जाते. त्या अनवाणी.

या मुंग्यांची गोष्ट सुरू होते मिक्सरपासून. आमचं घर चिपळूणचं, तळमजल्याचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी माझ्या छातीपर्यंत होतं, भिंतीवर रेघ अजून दिसते. (सासूबाई ती रेघ बघून '२००५ ला इतकं नव्हतं' असं प्रत्येक पाहुण्याला सांगतात.) पाणी ओसरल्यावर गावात वायरमन मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. जो मिळाला त्याने खालचे सगळे बोर्ड, स्विच, सॉकेट बदलले आणि पुढच्या घरी पळाला. त्याला दोष देत नाही, त्याच्यामागे रांग होती. डीबी, म्हणजे सगळे मुख्य स्विच असलेली पेटी, दाराच्या वर असल्यामुळे वाचली होती.

दोन पावसाळे नीट गेले. २०२३ च्या जूनमध्ये मिक्सर लावला की घरातली वीज जायला लागली. खटकन ईएलसीबी पडायची, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा डीबीतला स्विच. मिक्सर दुकानात नेला, ठीक आहे म्हणाले. पुन्हा नेला, त्यांनी कॉइल बदलून साडेसातशे घेतले. तरी तेच. मग इस्त्रीलाही व्हायला लागलं. दिवे आणि पंखे मात्र दिवसभर बिनतक्रार चालायचे, म्हणजे दोष मिक्सरचा नाहीतर इस्त्रीचा, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग जो इलेक्ट्रिशियन आला त्याने पाच मिनिटांत काम संपवलं. "ही ईएलसीबीच कटकट आहे, जुन्या घरांत चालत नाही," म्हणत ती काढली, वायरी थेट जोडल्या, दोनशे रुपये घेतले. मिक्सर फिरायला लागला. मी त्याला चहासुद्धा दिला. या चहाची मला अजून लाज वाटते.

मुंग्यांचं कळल्यावर मी नात्यातल्या एकाला विचारून दुसरे वायरमन बोलावले. साठीचे काका, आयटीआयचा वायरमनचा दोन वर्षांचा कोर्स केलेले. आल्या आल्या विचारलं, "वहिनी, आधी कोणी काय काय केलंय ते सांगा." पिशवी उघडलीच नाही. मी सगळं सांगितलं. ईएलसीबी काढल्याचं ऐकून त्यांनी एकदा वर डीबीकडे बघितलं आणि "बरं" एवढंच म्हणाले.

आधी मोटर. तिच्या थ्री-पिनमध्ये अर्थिंगची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती, आणि वाइंडिंगला ओल धरून करंट बॉडीवर येत होता. अर्थिंग असतं तर तो तिकडून गेला असता. ईएलसीबी असती तर तिने तोडला असता. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून तो सासूबाईंच्या हातातून जात होता.

ईएलसीबी नेमकं काय करते, हे त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातच समजावलं. फेजमधून जेवढा करंट आत जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. हिशोबात ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ती समजते, कुठेतरी कोणीतरी मधल्या मध्ये घेतोय. तो कोणी म्हणजे ओली भिंत असेल, नाहीतर माणूस. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, हिचं काम वेगळं. ती वायरला जळण्यापासून वाचवते. हे सांगताना त्यांची नजर आमच्या गिझरच्या एमसीबीवर गेली. ३२ अँपिअरची. मागे एकदा एमसीबी पडते म्हणून कोणीतरी मोठी बसवली होती. आतली वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, आणि २००० वॉटचा गिझर जेमतेम पावणेनऊ अँपिअर घेतो. "एमसीबी गिझरला नाही हो सांभाळत, वायरला सांभाळते. हिला ३२ ची लावलीत तर भिंतीतली वायर आधी तापेल, एमसीबी नंतर पडेल." १६ ची बसवली. ती आजवर पडलेली नाही. मूळ तक्रार बहुतेक ढिल्या स्क्रूची होती, कारण त्या टर्मिनलवर काळं पडलं होतं.

मग मिक्सरचं कोडं. ईएलसीबी होती तेव्हा मी सगळ्या एमसीबी बंद करून एकेक चालू करून बघितलं होतं, काही हाती लागलं नव्हतं. काका हसले. आमच्या डीबीतल्या एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून न्यूट्रलमधला दोष असा सापडत नाही. त्यांनी मेन बंद केला, न्यूट्रल लिंकमधून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीतून, एकेक वायर सोडवली आणि वायरचं इन्सुलेशन तपासणारा, हँडल फिरवायचा जुना मेगर लावला. चार वायरी ठीक. पाचवीला काटा शून्यावर, म्हणजे ती कुठेतरी अर्थिंगला टेकली होती.

पाचवी होती मागच्या पडवीची. तिथे आता काहीच नाही! जुना दिवा होता, तो कधीच काढला, त्या बोर्डावर कोरी प्लेट मारली आणि वर रंगही दिला. पुरानंतर तो बोर्ड बदलावा हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. काकांनी प्लेट खरवडून उघडली तर आत वाळलेला गाळ, हिरवं पडलेलं तांबं आणि न्यूट्रल अर्थिंगला चिकटलेला. पावसाळ्यात तो गाळ ओला व्हायचा. घरात कुठेही मोठा लोड लागला की परतीचा थोडा करंट मुख्य न्यूट्रलऐवजी या वाटेने जमिनीत जायचा आणि ईएलसीबी पडायची. एलईडी दिवे आणि पंखे इतका कमी करंट घेतात की त्यांच्या वाट्याचा फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत पोचतच नव्हता.

म्हणजे ज्या सर्किटवर काहीच चालत नव्हतं, त्याच्यामुळे मी साडेसातशे रुपयांची कॉइल बदलली होती.

शोधायला दोन तास लागले, ती वायर कायमची तोडून टोकं बंद करायला दहा मिनिटं. ईएलसीबी माझ्या ड्रॉवरमध्ये होती, तीच तपासून लावली. मोटर रिवाइंडिंगला गेली. अर्थिंगच्या खड्ड्यावर सासूबाईंनी केळ लावली आहे, ती बघून काका म्हणाले राहू दे, तिच्या निमित्ताने उन्हाळ्यातही पाणी पडेल. जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. मजुरीचे नऊशे घेतले. मी घासाघीस केली नाही, आणि मी कोळणीशीही घासाघीस करणारी बाई आहे.

जाताना त्यांनी ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाखवलं. महिन्यातून एकदा दाबायचं, वीज गेली की ती चांगली आहे. मी विसरले असते. सासूबाईंनी ते संकष्टीला बांधून घेतलं. आता दर संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी त्या स्टुलावर चढून, काठीने, कोणालाही न सांगता ते बटण दाबतात, आणि मी ऑफिसच्या मीटिंगमधून गायब होते.